आधी काटा सरळ, मग विचारणाऱ्याला उत्तर

यवतमाळ जिल्ह्यातील एका भगिनीचे पत्र आले आहे. त्याचा आशय असा: ती आणि तिचे पती काही वर्षांपूर्वी ख्रिस्ती विश्वासात आले. घरात सासूबाई आहेत आणि त्या आपल्या देवघरापुढे रोज दिवा लावतात. गावात दुसरे ख्रिस्ती घर नाही. सहा एकर वावर आहे, त्यात कापूस आणि तूर होते. शिवाय ही भगिनी महिला बचत गटाची सचिव आहे. तालुक्याच्या प्रार्थना सभेत बाहेरगावाहून आलेल्या एका सेवकाने प्रत्येकाला उभे करून विचारले, ‘वर्षभरात तुम्ही किती जणांना सांगितले?’ ते मनाला लागले म्हणून तिने शेजारीच राहणाऱ्या थोरल्या जावेला, जी कित्येक महिने कमरेच्या दुखण्याने बेजार आहे, नवा करार आणि काही पत्रिका दिल्या आणि ‘विश्वास ठेवला तर बरे वाटेल’ असे सांगितले. तेव्हापासून जाऊ बोलत नाही. पुढे गटाच्या हिशेबावरून या भगिनीवर खोटा आळ आला, तो निवळला, आणि गटातील एका बाईने आपण होऊन विचारले, ‘एवढे बोलले लोक, तरी तुम्ही शांत कशा राहिलात?’ त्यावर हिच्या तोंडून ‘काही नाही, असंच’ एवढेच निघाले. ‘आता मी गप्प राहून नुसते चांगले वागावे का, की तो भित्रेपणा आणि प्रभूशी बेइमानी होईल?’ असा तिचा प्रश्न आहे.

प्रिय भगिनी, सलाम.

पेत्राच्या पहिल्या पत्राचा तिसरा अध्याय काढून समोर ठेवा. त्याच्या पहिल्याच वचनात पेत्र स्त्रियांना सांगतो की तुमचे पती वचन मानत नसतील, तर तुमचे वर्तन पाहून ते वचनावाचून मिळवले जातील. त्याच अध्यायाच्या पंधराव्या वचनात तो सर्वांनाच सांगतो की तुमच्या आशेविषयी जो कोणी विचारील त्याला उत्तर द्यायला नेहमी तयार असा, मात्र ते उत्तर सौम्यतेने आणि आदराने द्या. पेत्र ज्यांना लिहीत होता ती माणसेही आपापल्या ठिकाणी मूठभर होती आणि आजूबाजूचे लोक त्यांच्याविषयी नाही नाही ते बोलत होते. अशा माणसांना त्याने गल्लोगल्ली फिरून किती जणांना सांगितले याचा हिशेब मागितला नाही. त्याने त्यांना नीट वागायला सांगितले आणि विचारले तर खरे सांगायला सांगितले. तुमच्या बाबतीत हा क्रम उलटा झाला. जावेने काही विचारले नव्हते, तिथे तुम्ही बोललात. गटातल्या बाईने विचारले, तिथे तुमचे शब्द अडले. तुमच्यात धैर्य कमी आहे असे मला मुळीच वाटत नाही. सभेत सर्वांसमोर उभे करून विचारलेल्या प्रश्नाने तुमच्या मनावर दडपण आले, आणि दडपणाखाली दिलेली साक्ष बहुधा चुकीच्या वेळी आणि चुकीच्या शब्दांत दिली जाते.

जावेचे आधी पाहू, कारण तिचे दुखणे आणि तुमचा दुरावा दोन्ही चालूच आहेत. पुस्तक देण्यात काही वाईट नाही. नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला रेल्वेने जात असताना एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला आणि त्यातील डोंगरावरील प्रवचनाने पुढे त्यांच्या मनाची पकड घेतली, ही हकिकत आपल्या मंडळ्यांत सर्वांना ठाऊक आहे. परंतु ती सांगताना आपण एक गोष्ट गाळतो. त्या प्रवाशाने आधी टिळकांशी संस्कृत काव्यावर गप्पा मारल्या होत्या, म्हणजे समोरच्या माणसाला जे प्रिय होते त्यात त्याने मनापासून रस घेतला होता. आणि टिळक हे वाचनावर जीव असलेले गृहस्थ होते. तुमच्या जावेला त्या दिवशी वाचायला काही हवे नव्हते. तिला नीट बसताही येत नव्हते. तशा अवस्थेत ‘विश्वास ठेवला तर बरे वाटेल’ हे वाक्य तिच्या कानाला कसे लागले असेल याचा विचार करा: आपले दुखणे पाहून धाकट्या जावेने सौदा मांडला, असेच तिला वाटले असणार. शिवाय ते वाक्य खरेही नाही. विश्वास ठेवणाऱ्यांच्या कमराही दुखतात. प्रभूने ज्याचा शब्द दिलेला नाही त्याची हमी त्याच्या नावाने आपण देऊ नये.

तिच्या शंकेला आणखी एक जुने मूळ आहे, तेही समजून घ्या. १९५४ साली विदर्भ जुन्या मध्य प्रदेशात होता आणि नागपूर त्याची राजधानी होती. त्या वेळी सरकारने निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनरी कार्याची चौकशी करणारी समिती नेमली, आणि त्या समितीने १९५६ च्या अहवालात शाळा व दवाखाने यांच्या आडून लोकांना आमिष दाखवले जाते असा ठपका ठेवला. त्यातील कित्येक निष्कर्ष ख्रिस्ती मंडळ्यांनी तेव्हाच नाकारले आणि ते नाकारण्यास त्यांच्याकडे कारणेही होती. परंतु गावातल्या माणसाने अहवाल वाचलेला नसतो. ‘हे लोक दुखण्यात गाठतात’ एवढे त्याच्या कानावर पिढ्यान्‌पिढ्या आलेले असते, आणि त्याला उत्तर म्हणून वाद घालून उपयोग होत नाही. ज्या मदतीच्या बदल्यात काहीच मागितले जात नाही अशी मदत वर्षानुवर्षे करत राहणे, एवढेच उत्तर आपल्या हाती आहे.

तेव्हा जावेकडे जा आणि साधेपणाने सांगा की त्या दिवशी मी बोलले ते चुकले, तुमच्या दुखण्यावर बोलायला नको होते. ‘पण’ लावून पुढे काही जोडू नका. मग तिला दवाखान्यात न्या. यवतमाळच्या किंवा सेवाग्रामच्या मोठ्या दवाखान्यात गेलेल्याला ठाऊक असते की पहाटेची एसटी, कार्डाची रांग, डॉक्टरांपुढची रांग, एक्स-रे, रक्ताची तपासणी आणि ‘रिपोर्ट परवा मिळेल’ हे सगळे कमरेने वाकलेल्या बाईला एकटीने होत नाही. भाऊजींना रोजी बुडवून दोनदा जाणे परवडत नसेल तर दुसऱ्या खेपेला तुम्ही जा. तिची भाकरी बांधून घ्या, तिच्या जागी रांगेत उभ्या राहा, डॉक्टरांनी काय सांगितले ते वहीत लिहून घ्या. त्या दिवशी पिशवीत पत्रिका ठेवू नका आणि परतीच्या गाडीत विषयही काढू नका. तिच्यासाठी प्रार्थना अवश्य करा, आपल्या घरी, दार लावून. तिच्यासमोर करायची असेल तर आधी विचारा, आणि ती ‘नको’ म्हणाली तर ते नको मनापासून स्वीकारा. औषध थांबवून नुसत्या प्रार्थनेवर राहा असे कोणी तिला सांगत असेल, मग तो आपल्यातला सेवक का असेना, तर त्याला तुम्ही स्वतः अडवा.

आता वागण्याविषयी. ‘नुसते चांगले वागावे का’ या तुमच्या वाक्यातला ‘नुसते’ मला सोपा वाटत नाही. तुम्ही कापूस पिकवता, म्हणजे वेचणीला बायका लावता, आणि गावात माणसाची पारख प्रार्थनेवरून होण्याआधी काट्यावरून होते. संध्याकाळी धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, झाडाला काटा टांगतात, ओटीतला कापूस फडक्यात बांधून बायका एकेक करून गाठोडी आणतात, एखादीचे गाठोडे तेवीस किलो सहाशे ग्रॅम भरते आणि वहीत तेवीस लिहिले जाते. फडक्याचे म्हणून वर आणखी एक किलो कापला जातो. बाई काही बोलत नाही, कारण उद्याची रोजी तिला हवी असते. पण घरी जाताना पांदणीत बाकीच्या बायकांशी ती काय बोलते ते तुम्हांला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. याकोबाने आपल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात लिहिले आहे की ज्यांनी तुमची शेते कापली त्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे आणि ती ओरड प्रभूच्या कानी गेली आहे. मोशेच्या नियमशास्त्रात तर गरीब मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्याआधी, द्यावी असा आदेश आहे. ही वचने आपण प्रार्थना सभेत क्वचितच वाचतो, याचे मला नेहमी दुःख होते, कारण विदर्भातल्या ख्रिस्ती शेतकऱ्याला साक्ष देण्यासाठी याहून जवळची जागा नाही.

म्हणून सहाशे ग्रॅम लिहा. फडक्याचे जेवढे वजन असेल तेवढेच, एकदा सर्वांसमोर मोजून, वजा करा. सकाळी दवात वेचलेला कापूस जड भरतो आणि त्यात मालकाचेही खरोखर नुकसान होते, हे मला मान्य आहे. तर दव उतरल्यावर वेचणी सुरू करायची, की ओल्या कापसाला वजनात किती कट्टी (कपात), हे कामाला हात लावण्याआधी ठरवा, संध्याकाळी काट्यापाशी नव्हे. मजुरी बाजाराच्या दिवसापर्यंत लांबवू नका. व्यापाऱ्याकडून तुमचे पैसे यायचे असतील तर तसे आदल्या दिवशी सांगा आणि सांगितलेली तारीख पाळा. धुऱ्याचेही तेच. नांगर दरवर्षी ओळभर पलीकडे सरकतो आणि दहा वर्षांत धुरा शेजाऱ्याच्या वावरात जाऊन बसतो. आपल्याकडे भावाभावांत कोर्टकचेऱ्या होतात त्या बहुतेक यावरून. तुमच्या यजमानांनी या उन्हाळ्यात शेजाऱ्याला बोलावून जुन्या खुणा शोधाव्यात, आणि ओळ आपल्याकडून सरकली असेल तर न मागता सोडावी.

पण हे सर्व करताना मनात एक सावधगिरी ठेवा. बायकांनी विचारावे म्हणून पूर्ण वजन लिहायचे नाही. पूर्ण वजन त्यांचे आहे म्हणून लिहायचे. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात प्रभू सांगतो की तुमची सत्कर्मे लोकांना दिसावीत आणि त्यांनी स्वर्गातील पित्याचे गौरव करावे. लगेच सहाव्या अध्यायाच्या आरंभी तो सांगतो की लोकांनी पाहावे म्हणून धर्माचरण करू नका. दोन्ही वचने एकाच प्रवचनातली आहेत आणि दोन्ही एकदम पाळायची आहेत. गळाला लावलेला खाऊ माशाला पोसण्यासाठी नसतो, आणि चांगुलपणाही तसा लावला असेल तर खेड्यातल्या माणसाला तो चार दिवसांत ओळखू येतो. पूर्ण वजन लिहूनही कोणी कधी काहीच विचारणार नाही, असे होऊ शकते. दहा कुष्ठरोगी बरे झाले तेव्हा एकच परत आला. बाकीच्या नऊ जणांचे बरे होणे प्रभूने काढून घेतले नाही.

तुमच्या भागात हे समजावून सांगायला फार शब्द लागू नयेत. गाडगेबाबा दिवसा गाव झाडत आणि रात्री कीर्तन करीत. त्यांच्या कीर्तनाला माणसे बसत ती सकाळी त्यांच्या हातात खराटा पाहिलेला असे म्हणून. आपला विश्वास त्यांच्याहून वेगळा आहे, ते लपवण्याचे कारण नाही; पण आधी हात आणि मग तोंड हा त्यांचा क्रम आपण आदराने शिकावा, असे मला मनापासून वाटते.

सासूबाईंविषयी तुम्ही एकच ओळ लिहिली आहे आणि मला तिचीच काळजी जास्त वाटली. रविवारी तुम्ही दोघे तालुक्याला उपासनेला जाता तेव्हा गोठ्यातले शेण, बैलांचे पाणी, मुलांचे जेवण कोणावर पडते? सासूबाईंवर पडत असेल, तर त्यांच्या लेखी तुमचा प्रभू म्हणजे दर रविवारी त्यांचे काम वाढवणारा कोणीतरी आहे. पहाटे उठून ते काम उरकून जा, किंवा आळीपाळीने जा. त्यांच्या देवघराविषयी घरात कोणीही, विशेषतः मुलांनी, हलका शब्द काढता कामा नये. त्यांना फुले आणून द्यायला तुमच्या मनाची तयारी नसेल तर ते सांभाळून सांगा, पण त्यांचे गुडघे दाबायला, त्यांच्या उपासाच्या दिवशी भगर शिजवायला काय हरकत आहे? टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी १९०० साली. मधल्या काळात त्या बाईने किती सोसले आणि आपल्या मनाशी किती झगडा केला, ते मराठी वाचकांना त्यांच्याच शब्दांत वाचायला मिळते. त्यांचे मन बदलले ते त्यांच्या गतीने आणि त्यांच्या बुद्धीने. सासूबाईंचे मन बदलेल की नाही हे तुमच्या हाती नाही. त्यांचे म्हातारपण तुमच्या घरात सुखाचे जावे, हे मात्र बरेचसे तुमच्याच हाती आहे.

सणांचे तुम्ही विचारलेले नाही, तरी थोडक्यात लिहिते. पहिल्या वेचणीला मजूर बायकांनी वावरात सीतादहीची पूजा करायची म्हटले तर अडवू नका. ती त्यांची श्रद्धा आहे आणि वर्षभर त्या वावरात त्यांचाही घाम पडला आहे. पोळ्याला बैलांना न्हाऊ घालून चारा द्या, त्यांच्या मानेला हळद आणि लोणी लावा. राबलेल्या जनावराची कदर करण्यात तुमच्या विश्वासाला कुठेही बाधा येत नाही. नैवेद्याच्या अन्नाविषयी पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात आठव्या आणि दहाव्या अध्यायात सविस्तर लिहिले आहे. ते तुम्ही दोघांनी मिळून वाचा आणि आपल्या विवेकाप्रमाणे ठरवा. जे नाकारायचे ते हात जोडून नाकारा, आणि शाळेची खोली, पांदण रस्ता, नळयोजना यांच्या वर्गणीत सर्वांच्या आधी नाव लिहा.

आता गटातल्या त्या बाईकडे वळते. तिचा प्रश्न अजून उभा आहे. ती एकटी भेटेल तेव्हा ‘त्या दिवशी तुम्ही विचारलं होतं’ असे म्हणून तुम्हीच तिथून सुरुवात करा. हे न विचारता बोलणे होत नाही, राहिलेले उत्तर देणे होते. उत्तर तुमच्याच बोलीत असू द्या. सभेतले शब्द तिच्यासमोर वापरू नका. ‘राग त मलेही आला होता वं बाई. रात्रभर झोप नाही लागली. मी येशूले मानतो. त्याच्यावर खोटे आळ घेतले लोकायनं, अन्‌ त्यानं त्यायले माफ केलं. म्हणून मी बी तसं करून पाहतो. दरखेपी जमते असं नाही.’ एवढे पुरे आहे. त्यात तुमचा राग आहे, तुमचा प्रभू आहे, तुमची अपुरी पडणारी धडपड आहे, आणि तिच्या देवाविषयी एकही शब्द नाही. मग थांबा आणि तिला बोलू द्या. तिला तिच्या घरातले काही सांगायचे असेल, कदाचित त्यासाठीच तिने विचारले असेल. तिने आणखी विचारले तर आणखी सांगा, आणि ‘हे मला ठाऊक नाही’ असे जिथे म्हणावे लागेल तिथे तसेच म्हणा.

हे उत्तर देताना भिण्याचे कारण नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद २५ ने प्रत्येकाला आपला धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा अधिकार दिला आहे. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची मर्यादाही स्पष्ट केली: प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वे सांगणे, दुसऱ्याचे धर्मांतर घडवून आणण्याचा अधिकार त्यात येत नाही. काही विश्वासी बांधवांना ही मर्यादा जाचक वाटते. मला ती आपल्या प्रभूच्या रीतीच्या फार जवळची वाटते, कारण श्रीमंत तरुण खिन्न होऊन निघून गेला तेव्हा त्याच्यावर प्रीती करणाऱ्या येशूने त्याला जाऊ दिले, मागून हाक मारली नाही.

त्या सेवक बंधूंनी पुन्हा आकडा विचारला तर पेत्राचा तोच अध्याय त्यांच्यापुढे नम्रपणे ठेवा. त्यांचा हेतू वाईट नसेल; मात्र तुमच्या गावात राहायचे तुम्हांला आहे, त्यांना नाही.

उद्या एखादी बाई मनापासून ‘मला अधिक समजून घ्यायचे आहे’ म्हणत आली, तर घाई करू नका आणि तिच्या घरच्यांना अंधारात ठेवू नका. पाळकांना तिच्या घरी दिवसाउजेडी, तिच्या नवऱ्यासमोर आणि सासूसमोर, बसून बोलायला सांगा. तिला विचार करायला वर्ष लागले तर वर्ष द्या. ती गटाची सभासद असेल तर आणखी जपा, कारण तुमच्या हाती गटाची वही आहे. तिचा हप्ता इतरांसारखाच, त्याच तारखेला आणि त्याच व्याजाने घ्या. तिचा कर्जाचा अर्ज आला तर त्या बैठकीत तुम्ही मत देऊ नका. अध्यक्षांना आणि बाकीच्या बायकांना ठरवू द्या, आणि तुम्ही मत दिले नाही अशी नोंद इतिवृत्तात करून घ्या.